दुसरी जागा

वाचकहो, प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असते की, तिच्याभोवती घरातील माणसांचे स्वभाव आपोआप उघडे होत जातात. कुणाकडे तो ओसरीवरचा झोपाळा असतो, कुणाकडे आजोबांची आरामखुर्ची, तर कुणाकडे सर्वांनी मिळून ऐकायचा रेडिओ. बंगळूरला माझ्या मामांच्या घरी ती वस्तू म्हणजे एक मोटार होती. आणि तीही अशी की, जिच्यात केवळ दोनच माणसे बसू शकत. आजी, मामा, मामी, मामांची चार मुले आणि शिक्षणासाठी येऊन राहिलेला मी, अशी घरात माणसे आठ. मोटारीत जागा दोन! त्यांतील पहिली जागा अर्थातच चालविणाऱ्या मामांची. उरलेल्या दुसऱ्या जागेची ही हकीकत आहे. ती सांगायला मी जवळजवळ साठ वर्षे लावली, याबद्दल आपण मला क्षमा करावी.

१९५८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मी बेळगावहून बंगळूरला आलो. वडिलांची बदली आडगावी झाली होती आणि तेथे हायस्कूल नव्हते, म्हणून मामांनी मला आपल्याकडे बोलावून घेतले. मीटरगेजची ती गाडी रात्रभर धापा टाकीत पहाटे बंगळूरला पोहोचली. स्टेशनाबाहेर मामा उभे होते आणि त्यांच्या शेजारी एक विलक्षण वाहन उभे होते. त्याची उंची माझ्या छातीएवढी. पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. चाकांना सायकलीसारख्या तारा. समोरची काच मधोमध दुमडून पाचरीसारखी केलेली. आणि मागची बाजू होडीसारखी निमुळती होत गेलेली. माझी पत्र्याची ट्रंक त्यात मावणे शक्यच नव्हते. ती टांग्यातून, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘जटक्या’तून, मागाहून आली. मी मात्र मामांच्या शेजारी बसलो. रस्ता इतका जवळ होता की, हात खाली सोडला असता तर धूळ बोटांना लागली असती. बसवनगुडीला पोहोचेपर्यंत आईची आठवण मला एकदाही झाली नाही.

ती गाडी इंग्लंडमध्ये १९३० साली तयार झालेली ‘एम. जी. मिजेट’ होती. मिजेट म्हणजे बुटबैंगण. घरात तिला सगळे ‘बुटकी’ म्हणत, आणि शेजारची कानडी मुले ‘चिक्क कारु’.

मामा मूळचे बेळगावकडचे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तेव्हा दुसऱ्याच वर्षी मामा तेथे फिटर म्हणून लागले. पुढे त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली ‘एच. टी. २’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान तयार झाले आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम आकाशात गेले. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला एक मराठी माणूस आपल्याच देशात विमान घडवितो, ही गोष्ट मामा आम्हांला सणासुदीच्या कथेसारखी पुन्हापुन्हा सांगत.

बुटकी त्यांच्याकडे आली ती १९४८ साली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९४७ मध्ये, बंगळूरचा कँटोन्मेंट भाग म्हैसूर संस्थानाला परत मिळाला होता. इंग्रज कुटुंबे मायदेशी निघाली होती आणि जाताना पियानो, कपाटे, चहाची भांडी असे काय काय विकून मोकळी होत होती. अशाच एका घराच्या मागे ही गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी होती. मामांनी तीन महिन्यांचा पगार देऊन ती घेतली. घरी आणली तेव्हा आजींनी तिच्यात डोकावून पाहिले आणि विचारले, “बाकीची गाडी मागून येणार आहे का?”

वाचकहो, थोडे विषयांतर करून ही गाडी अशी चिमुकली का होती, ते सांगतो; कारण त्यातही एक मौज आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये मोटारीवरचा कर तिच्या अश्वशक्तीनुसार, दर अश्वशक्तीस एक पौंड, असा घेत. पण ही अश्वशक्ती मोजीत ती सिलिंडरच्या केवळ रुंदीवरून. त्याच्या उंचीचा हिशेबच धरीत नसत. तेव्हा कारखानदारांनी सिलिंडर अरुंद आणि उंच करून टाकले! बुटकीच्या चार सिलिंडरांची रुंदी प्रत्येकी ५७ मिलिमीटर आणि आतील दट्ट्याची धाव मात्र ८३ मिलिमीटर. सगळे मिळून इंजिन ८४७ सी. सी.चे. कराच्या हिशेबाने अश्वशक्ती आठ. प्रत्यक्षात मात्र वीस. सरकारी मोजपट्टी जशी असेल तशी वस्तूची अंगलट बदलते, असे मामा हसून म्हणत.

‘एम. जी.’ ही अक्षरे ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२८ साली मॉरिस कंपनीच्या एका साध्या, स्वस्त मोटारीचा सांगाडा व इंजिन घेतले आणि त्यावर ही दोन जागांची हलकी शर्यतीची गाडी उभी केली. किंमत ठेवली १७५ पौंड. शर्यतीची मोटार म्हणजे धनिकांचा षोक, ही समजूत या बुटकीने मोडली. शिक्षक, कारकून, तरुण डॉक्टर अशी माणसेही ती घेऊ लागली. १९३० साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर दोन दिवस बारा-बारा तासांची शर्यत झाली. रात्री आजूबाजूच्या लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून ती अशी दोन दिवसांत वाटलेली होती. तीत मोठमोठ्या गाड्या असूनही संघाचे पारितोषिक या चिमुकल्यांनी पटकावले. सव्वातीन हजारांच्या आसपास अशा गाड्या निघाल्या आणि १९३२ साली त्यांची जागा नव्या नमुन्यांनी घेतली. स्वतः किंबर १९४५ साली लंडनमध्ये आगगाडीच्या अपघातात वारले.

बुटकीचे अंग पत्र्याचे नव्हते. लाकडी सांगाड्यावर रेक्झिनसारखे जाड कापड ताणून ते बनविलेले होते. त्या काळच्या टायगर मॉथ विमानांचे पंखही असेच लाकडावर कापड ताणून होत. त्यामुळे विमान कारखान्यातला हा फिटर तिच्या अंगाला हात घालताना बुजला नाही. कुठे कापड विटले, कुठे लाकूड मऊ पडले की, मामा रविवारी सकाळी पंचा नेसून अंगणात बसत, आणि आम्ही पोरे पाने, हातोडी, खिळे पुरवीत असू.

याच रविवारी दुसऱ्या जागेचा प्रश्न निघे. काम आटोपले की मामा लालबागेपर्यंत एक फेरी मारून येत, आणि शेजारी बसायला पाच पोरे तयार! भांडणे होऊ लागली तेव्हा मामींनी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने पाळ्या लिहून ठेवल्या. ज्याची पाळी त्याने आधी तासभर मामांच्या हाताखाली राबायचे, अशी अट होती. आजींचे नावही त्या यादीत होते. त्या वर्षातून एकदा, कार्तिकात, बसवनगुडीच्या नंदीला कडलेकाई जत्रा भरे तेव्हा, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेला, नऊवारी सावरीत दिमाखाने बसून जात. यादी अगदी चोख होती. तीत कुणावर अन्याय झाला नाही, असे आम्ही सर्व जण मानीत होतो.

मामी मात्र गाडीपाशी फारशा येत नसत. स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या छपराकडे उघडे, तेवढाच त्यांचा संबंध. पण सकाळी मामांनी इंजिन चालू केले की कधी कधी आतून त्यांचा आवाज येई, “अहो, आज चौघांतला एक भाऊ झोपला आहे.” आम्ही हसत असू. मामाही हसत, पण प्लग काढून पाहत. आणि चारांपैकी एक प्लग खरोखरच काजळलेला निघे. कधी त्या म्हणत, “आज वरच्या मजल्यावर भांडी वाजताहेत.” मामा तेल तपासत आणि पातळी उतरलेली असे. याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी समजले. त्या इंजिनात झडपा हलविणारा दांडा, ज्याला कॅमशाफ्ट म्हणतात, तो अगदी माथ्यावर होता. त्याला फिरविण्यासाठी इंजिनाच्या पुढ्यात डायनॅमो उभा बसविलेला असून त्याच्याच आसातून गती वर नेलेली होती. तेल कमी झाले की ते माथ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि पहिला खडखडाट तेथूनच येतो. मामींना कॅमशाफ्ट हा शब्द ठाऊक नव्हता. भांडी मात्र ठाऊक होती.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो.

१९६५ चा मे महिना. मी अठरा वर्षांचा झालो होतो, नुकताच मोटार चालविण्याचा परवाना मिळाला होता आणि कॉलेजची पहिली सुट्टी होती. मामा एका लग्नासाठी चार दिवस मुंबईला गेले होते. गाडीची किल्ली कुठे असते हे मला माहीत होते. एका मित्राला नंदीच्या डोंगरावरून सूर्योदय दाखविण्याची बढाई मी मारून बसलो होतो. नंदी बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर आहे. उंची पाच हजार फुटांना थोडी कमी. पहाटे चारला मी चोरपावलांनी छपरात गेलो आणि गाडी चालू केली. मामांचा नियम होता की, पट्टी काढून तेलाची पातळी पाहिल्याखेरीज इंजिनाला हात लावायचा नाही. पस्तीस वर्षांच्या इंजिनातून थोडे तेल गळणारच. त्यात त्याचा दोष नव्हता. नियम मला पाठ होता. घाईत मी तो पाळला नाही.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मागून हाक आली. मामींची होती. एकदा माझ्या नावाने, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. मला वाटले, परवानगीवाचून निघालो म्हणून अडवीत आहेत. मी मान वळविली नाही. गियर बदलला आणि पुढे गेलो.

हेब्बाळ गेले, येलहंका गेले, देवनहळ्ळी गेली. नंदीच्या चढणीवर बुटकी मोठ्या जिद्दीने चढली. सूर्योदय सुंदर होता, असे मित्र म्हणाला. मला तो आठवत नाही. परतीच्या वाटेवर देवनहळ्ळीजवळ इंजिनातून ठक् ठक् असा जड आवाज येऊ लागला. समोरच्या तबकडीवर तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर टेकला होता. तो केव्हा टेकला, ते मी पाहिलेच नव्हते. मी तशीच गाडी रेटली. आणखी दोन-तीन किलोमीटरवर एक मोठा धक्का बसला आणि इंजिन जाम झाले. एका लॉरीवाल्याने मेहेरबानीने गाडीला दोर बांधला, आणि अशा थाटात दुपारी आम्ही घरी आलो.

फाटक मामींनी उघडले. दोराकडे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि विचारले, “आवाज केव्हापासून येत होता?”

“आत्ताच, हेब्बाळपासून,” मी म्हणालो.

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “हातपाय धू. ताट वाढते.”

मामा परतल्यावर मी परवानगीशिवाय गाडी नेल्याची कबुली दिली. ते रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तेल पाहिले होतेस?” मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलविली आणि ते छपरात जाऊन बराच वेळ उभे राहिले. हाकेविषयी मी बोललो नाही. मामीही बोलल्या नाहीत.

इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वितळून गेलेली दिसली आणि क्रँकवर ओरखडे उठलेले. असे सुटे भाग त्या वेळी देशात कुठून मिळणार! परदेशी मोटारींची आयात केव्हाच आटली होती. त्यातच सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. मामांच्या कारखान्यात बनलेली नॅट विमाने त्या युद्धात लढत होती, आणि कारखान्याला ना रविवार होता ना सण. बुटकी छपरात पावणेदोन वर्षे पडून राहिली. शेवटी मामांनी मला सांगितले, “शिवाजीनगरला एक मिस्त्री आहे. दर रविवारी त्याच्याकडे जा. पैसे मी देईन, मेहनत तुझी.”

वाचकहो, बंगळूरलाही शिवाजीनगर आहे. तेथील एका बोळात दक्खनी बोलणारा तो वृद्ध मिस्त्री जुन्या बेअरिंगा नव्याने ओतून देत असे. त्यासाठी जो धातू वापरतात त्याला कारागीर व्हाइट मेटल म्हणतात. कथलात थोडे अँटिमनी आणि थोडे तांबे मिसळून तो होतो. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये तो काढला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेल आटले तर त्याने स्वतः वितळायचे, पण पोलादी दांडा होता होईल तो वाचवायचा, हेच त्याचे काम. ओरखडे गेलेला क्रँक आधी घासून गोल करून घेतला. मग रॉडमध्ये नवा धातू ओतला. मग तो कातून क्रँकवर बसविला. त्यानंतरचे काम माझे. क्रँकला निळा रंग पुसट लावायचा, बेअरिंग बसवून फिरवायची, काढायची आणि जेथे जेथे निळा डाग उमटला असेल तो उंचवटा धारदार पात्याने हलकेच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा बसविणे, पुन्हा खरवडणे. सगळीकडे सारखा निळा उमटेपर्यंत थांबायचे नाही. मी सात रविवार खरवडीत होतो.

एकदा दुकानात दुसरी एक गाडी आली होती. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक तिच्या इंजिनावर टेकविले आणि मूठ माझ्या कानाला लावली. आतला सगळा संसार ऐकू येऊ लागला. आणि त्यात, वरच्या बाजूला, भांडी वाजत होती.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्या पहाटे मामी मला अडवीत नव्हत्या. त्यांनी अंथरुणातून तो आवाज ऐकला होता आणि त्या सावध करायला धावत आल्या होत्या.

१९६७ च्या फेब्रुवारीत बुटकी पुन्हा चालू झाली. सगळे घर अंगणात जमले. आजी तेवढ्या पाहायला उरल्या नव्हत्या. मामा चाकावर बसले. दारामागच्या यादीप्रमाणे पाळी धाकट्या मामेबहिणीची होती आणि ती पुढेही आली होती. पण मामा खिडकीकडे पाहून म्हणाले, “अगं, बाहेर ये. आज ज्याला आवाज कळतो त्याने बसायचे.”

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. गाडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता बसल्या. तेव्हा आमच्या लक्षात आले की, एकोणीस वर्षांत त्या त्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. यादी त्यांनीच लिहिली होती आणि तीत त्यांचे नाव नव्हते. पाचही पोरांपैकी एकानेही, रोज त्या दारातून ये-जा करताना, ते पाहिले नव्हते.

अर्ध्या तासाने त्या परतल्या. केस विस्कटलेले, डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलेले. उतरताना एवढेच म्हणाल्या, “आता चौघेही जागे आहेत.”

संध्याकाळी त्या तांदूळ निवडीत बसल्या असता मी जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “मामी, त्या दिवशी तुमची हाक मला ऐकू आली होती.”

“माहीत आहे,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तू मागे पाहिले नाहीस, पण तुझे खांदे आखडले होते.”

“मग तुम्ही मामांना का नाही सांगितलेत?”

“ते सांगायचे काम तुझे होते.”

थोड्या वेळाने मी विचारले, “इतकी वर्षे तुम्ही गाडीत का बसला नाहीत?” त्या हसल्या. त्यात रुसवा नव्हता. म्हणूनच ते शब्द अजून बोचतात. “मला कुणी विचारलेच नाही, रे.”

त्यानंतर रविवारची पहिली फेरी त्यांची असे. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचे भाव चढविले आणि पेट्रोल परवडेनासे झाले. पुढच्या वर्षी मामांनी बुटकी जुन्या मोटारींची हौस असलेल्या एका गृहस्थांना विकली. आज मामा नाहीत, मामीही नाहीत. ते घर पाडून तेथे चार मजली इमारत झाली आहे.

जुन्या मोटारींना आता मान मिळू लागला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात. रोजच्या वापरासाठी त्यांना रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा अशा निमित्तानेच त्या बाहेर पडतात. मध्यंतरी बंगळूरच्या अशाच एका मेळाव्यात मला होडीच्या शेपटीची एक मिजेट दिसली. आमचीच ती, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नव्हता. लोक तिची छायाचित्रे घेत होते. मालकाने इंजिन चालू केले तेव्हा मी डोळे मिटून उभा राहिलो. चौघेही जागे होते.

वाचकहो, आपल्या घरातही कुठल्यातरी दारामागे पाळ्यांची एक यादी असेल. खडूने लिहिलेली नसली तरी असेल. ती आज एकदा वाचून पाहा. ज्या हाताने ती लिहिली, त्याचे नाव तीत आहे ना, एवढेच पाहा. आणि नसेल, तर वाट न पाहता विचारा.